गाडीची दोरी

कळसाडीच्या छगनआप्पांना देवाने गळा दिला नव्हता, पण हात दिला होता. कीर्तनात महाराजांच्या मागे टाळकऱ्यांच्या रांगेत ते उभे राहिले की मृदंगवाल्याला निम्मा धीर यायचा. आणि समोर, बायकांच्या बाजूला, मंडपाच्या खांबाला टेकून दगूबाई बसलेली असायची. महाराजांनी एखादा गमतीचा दृष्टांत सांगितला की आप्पा आधी तिच्याकडे बघायचे. ती हसली की मग हे हसायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गावातली टवाळ पोरं अजून म्हणायची, "आप्पा कीर्तन मावशीकडे दखीसन आयकतस, आनि मावशी आप्पाकडे दखीसन."

शहादा, प्रकाशा, तळोदा, जिथे कीर्तन असेल तिथे आप्पांची मोटारसायकल जायची. पुढे आप्पा, मागे दगूबाई, तिच्या मांडीवर टाळांची पिशवी. पण गेल्या हिवाळ्यापासून दगूबाईचे गुडघे धरले. मोटारसायकलवर पाय टाकणं होईना, आणि एका बाजूला बसून खड्ड्याखड्ड्याला हाडं खिळखिळी व्हायची. जीपमध्ये चढायचं तर माणसं ज्वारीच्या पोत्यांसारखी भरलेली. शेवटी ती घरीच राहू लागली. मुलाने, योगेंद्रने, नाशिकहून तिच्या मोबाईलमध्ये कीर्तनं लावून दिली. बाई दळण निवडता निवडता ऐकायची.

एकदा आप्पा एकटेच कीर्तनाहून परत आले. दगूबाई पडवीत बसली होती, मोबाईल पुढ्यात, आणि गजर चाललेला.

"काय व, आयकी ऱ्हायनी ना?" आप्पांनी विचारलं.

"आयकी ऱ्हायनू," ती म्हणाली. "पन एकली टाळी वाजाडाले लाज वाटस."

ते वाक्य आप्पांच्या काळजात रुतून बसलं. त्याच आठवड्यात त्यांनी ठरवलं, गाडी घ्यायची. नवी झेपणार नव्हती, जुनी चालेल. दार उघडलं की बाईने सरळ बसावं, एवढंच पाहिजे.

आप्पा बाजारात कच्चे नव्हते. जुना ट्रॅक्टर घेतला तेव्हा शहाद्याहून मिस्त्री सोबत नेला होता आणि विकणाऱ्याला उलटंसुलटं विचारून घाम फोडला होता. शेताचा तुकडा घेताना सातबाऱ्यावर कोणाचा बोजा चढला आहे का, हे त्यांनी तलाठ्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं. असा माणूस गाडी घेताना फसणं शक्य नव्हतं. पण गाडी निघाली ती व्याह्याची, आणि आप्पांचं सगळं शहाणपण तिथेच गोठलं.

तळोद्याचे चुनीलाल म्हणजे आप्पांच्या लेकीचे, रूपाचे, सासरे. पत्र्याचं आणि पाइपांचं दुकान, उघडा स्वभाव, मोठा आवाज. दारात सात जणांची पांढरीशुभ्र गाडी. आप्पा गाडी शोधताहेत हे कानावर जाताच त्यांनी स्वतःहून फोन केला. "याही, बाहेर कोठे भटकतस? मन्ही गाडी ल्या. घरनी गाडी घरमा. भावनं मी तुमले काय सांगू, तुम्ही देशात ते."

आप्पा हरखले. संध्याकाळी योगेंद्रला फोन करून सांगितलं. योगेंद्रने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आप्पा, गाडीचा नंबर पाठवा."

नंबर गेला आणि घटकाभरात उत्तर आलं. "मोबाईलवर दिसतंय आप्पा, गाडीवर फायनान्स कंपनीचं नाव आहे. म्हणजे कर्जाने घेतलीय."

"मंग? फेडी दियेल व्हई."

"फेडलं असेल तर बरंच. पण तसं असेल तर कंपनी ना-हरकत दाखला देते. तो दाखवून आरटीओत कंपनीचं नाव कमी करून घ्यायचं असतं. काही लोक हप्ते फेडतात आणि नाव कमी करायचं विसरतात. आणि काहींचे हप्तेच बाकी असतात. कोणतं खरं, ते मोबाईल सांगत नाही. चुनीलालतात्यांनाच विचारावं लागेल."

"आनि हप्ता बाकी ऱ्हायनात तं?"

"तर गाडी तुमच्या नावावर होणार नाही. आणि कंपनीची माणसं आली तर कोणाच्या दारातून उचलतोय हे बघत नाहीत. कीर्तनाच्या मंडपाबाहेरून सुद्धा नेतील." मग तो जरा हळू म्हणाला, "मी बोलू का तात्यांशी?"

"खबरदार!" आप्पा ओरडले. "पोरीना भाऊ उठीसन सासराले कर्ज इचारी? रूपाले त्या घरमा ऱ्हावानं शे का नही?"

रूपाला सातवा लागला होता. सासरी सगळ्यांची लाडकी. सासू जसोदाबाई तिला तळहातावर ठेवायची. नवरा, अजित, लिंबाचं लोणचं शोधत गावभर फिरायचा. अशा घरात पोरीच्या बापाने जाऊन विचारायचं, की तुमच्या गाडीवर कर्ज आहे का? म्हणजे पाहुणचाराचं पाणी गाळून पिण्यासारखं. चुनीलाल तोंडाने काही म्हणणार नाहीत, हसतील, पण त्यांच्या मनात एकदा गाठ बसली की ती रोज जेवताना रूपाच्या ताटात दिसणार. दोन घरांतली ही गोडी आप्पांना गाडीहून मोठी होती. आणि न विचारावं, तर सबंध वर्षाच्या उसाचा पैसा पाण्यात.

तरी ते तळोद्याला गेले. रस्ताभर वाक्य घोटत गेले.

चुनीलालनी गाडी धुऊन, पुसून, दुकानापुढे उभी केली होती. "दखा! दार लाई दखा. आवाज आयका. कपाटनं दार लागेल व्हई अस वाटस का नही?"

आप्पांनी दार लावलं. "चांगलं शे."

"बसा आतमा."

आप्पा बसले. "सीटबी चांगली शे."

"मंग?"

"मंग काय... टायरं?"

"नवा शेतस!"

"आनि..." आप्पांनी सीटवरून हात फिरवला. "कागद?"

चुनीलालनी चष्मा काढला. उपरण्याने पुसला. डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. "कागद? शेतस ना. विमा शे, पीयूसी शे... बठ्ठं शे." मग एकदम मोठ्याने, "ओ याही, उनमा काय बसनात! चला, पयले ऊसना रस पिऊत."

ऊस पिकवणाऱ्या माणसाला त्यांनी उसाचा रस पाजला. त्यावर शेवभाजी खाऊ घातली. मग कळसाडीच्या पपईची चौकशी केली. आप्पा दर वेळी तोंड उघडायचे आणि चुनीलाल दर वेळी त्यात काहीतरी खायला घालायचे. जाताना ठरलं ते एवढंच, की पुढच्या गुरुवारी रूपाचं डोहाळजेवण आहे, त्याच दिवशी आप्पांनी विसार द्यावा आणि किल्ली न्यावी.

घरी आल्यावर दगूबाईने विचारलं, "इचारं का?"

"विषय काढा व्हता."

"आनि?"

"रस पिना."

दगूबाईने कपाळाला हात लावला. "नमनालेच घडाभर तेल, आनि कीर्तनना पत्ता नही!" मग नवऱ्याचा पडलेला चेहरा पाहून तिला हसू आवरेना. "ऱ्हाऊ द्या. तुम्ही माणसं नातामा बोलाले घाबरतस. गुरुवारे मी दखसू."

"तू काय करशी? याहीनले इचारशी? अव, ती तं—"

"तुम्ही टाळ वाजाडा," दगूबाई म्हणाली. "गानं मी म्हनसू."

गुरुवारी तळोद्याचं घर बायकांनी फुलून गेलं. आत रूपाला हिरव्या साडीत झोपाळ्यावर बसवलं होतं, केसांत मोगऱ्याची वाडी, हातात फुलांचं धनुष्य. चुलीवर खापराच्या पुरणपोळ्या होत होत्या. पुरुषांना आत काही काम नव्हतं. आप्पा आणि चुनीलाल बाहेर वट्ट्यावर पानसुपारी घेऊन बसले. समोर ती पांढरी गाडी, काचेवर झेंडूची माळ. आप्पांच्या कोटाच्या आतल्या खिशात विसाराचे पैसे होते आणि त्यांना वाटत होतं, खिशात निखारा ठेवला आहे. चुनीलालही त्या दिवशी कमी बोलत होते. सुपारी कातरली, ती खाल्ली नाही, पुन्हा दुसरी कातरायला घेतली.

आत ओटी भरून झाली आणि गाणी सुरू झाली.

आपल्याकडे विहिणी-विहिणींच्या गाण्यांची रीत आहे. एरवी ज्या विहिणीसमोर पदर सावरून बोलायचं, तिला गाण्यात हवं ते बोलून घ्यायचं. तिच्या भाकरीला नावं ठेवायची, तिच्या नवऱ्याच्या टकलावर दिवा लावायचा. गाण्यातल्या बोलाचा राग धरायचा नाही, हा नियम. आणि दुसरा नियम त्याहून कडक. गाण्यात विचारलेल्याचं उत्तर गाण्यातच द्यायचं. गप्प बसली ती विहीण हरली, आणि मग तिची फजिती पुढच्या लग्नापर्यंत गावभर गायली जाते.

दगूबाईने पदर खोचला, गुडघे सावरत पाटावर बसली, आणि चढ्या सुरात धरलं:

"याहीनबाईनी चूल मोठी, भाकर मातर लहानी व,
आम्ही उनूत पाहुना म्हनी, तुम्ही वाढं पानी व!"

बायकांत हशा फुटला. जसोदाबाई काही कमी नव्हती. पोळीचं पीठ हाताला तसंच ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारात आली:

"कळसाडीना पाहुना भारी, गाडाभर भूक व,
जेवता जेवता इचारतस, वरनमा का तूप व?"

बाहेर वट्ट्यावर आप्पा आणि चुनीलाल दोघेही हसले. आप्पांनी तर सवयीने मांडीवर ठेका धरला. बायकोचा आवाज त्यांनी कितीतरी दिवसांत असा मोकळा ऐकला नव्हता. आणि तेवढ्यात आतून पुढचं आलं:

"याहीबोवानी धवळी गाडी दारमा हुबी शे व,
चाकं तिन्हा तुम्हना दारले, दोरी कोन्हा खुटाले व?"

आप्पांचा हात मांडीवर तसाच राहिला. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. शेजारी चुनीलालचा अडकित्ता थांबला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. दोघेही गाडीकडे बघत राहिले, जणू गाडीच काहीतरी बोलणार होती.

आतून कोणाच्या तरी बांगड्यांचा आवाज तेवढा आला. झोपाळ्याची कडी कुरकुरली. रूपा उठायला लागली असावी, कारण दगूबाईचा आवाज आला, "तू बस व आंडेर, हाई डोकरीसना खेळ शे."

आप्पांनी मनातल्या मनात विठ्ठलाला हाक मारली. म्हणाले, देवा, गाडी नको, कीर्तन नको, माझ्या पोरीचा झोपाळा तेवढा असाच राहू दे.

आणि जसोदाबाईने सूर लावला. पहिला शब्द जरा कापरा आला, पण मग आवाज असा उघडला की शेजारच्या घरात ऐकू गेला असेल:

"दोरी शे फायनान्सना खुटाले, सोडानी शे बाकी व,
मन्हा धनी लाजे मरस, मी काबर ठेवू झाकी व?"

आत हास्याचा असा लोट उठला की झोपाळ्यावरची रूपा सुद्धा हसली. तिचं हसू आप्पांनी वेगळं ओळखलं, लहानपणापासूनचं, शेवटी उचकी लागणारं. त्या हसण्यावरच दगूबाईने तिसरं चढवलं:

"दोन याही, दोन दगड, मुका बठनात वट्टावर व,
याहीनीस्ले तोंडं नसती तं पानी फिरतं नातावर व!"

चुनीलालनी अडकित्ता खाली ठेवला. चष्मा काढला. या वेळी पुसायचं सोडून तो तसाच हातात धरून बसले.

"याही," ते म्हणाले. मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. "आयकं ना तुम्ही?"

"आयकं."

"हप्ता बाकी शेतस. अजितनी दुकान वाढाडं, तठे पैसा आडकना. पोरगीना बापले कसं सांगू, का पोऱ्याना बाप हप्ता भराले कमी पडी ऱ्हायना? ठराई ठेयेल व्हतं, तुम्हना पैसा हातमा उना का पयले कंपनीमा भरसू, दाखला लिसू, मंग कागद तुम्हना हातमा देसू. तुमले कळनार नही अशी. मन्हा देवले माहीत शे, फसाडानं मनमा नव्हतं."

आप्पांनी मान खाली घातली. "माले माहीत व्हतं."

"काय माहीत व्हतं?"

"गाडीवर नाव शे हाई. योगेंद्रनी नंबर टाकीसन दखेल व्हतं. त्या दिवशे तेच इचाराले उनतू मी."

चुनीलाल त्यांच्याकडे बघतच राहिले. "त्या दिवशे? तुमले माहीत व्हतं, आनि तुम्ही शेवभाजी खाईसन निंघी गयात?"

"तुम्ही खावाडी ऱ्हायंतात ना!"

"अहो, तुम्ही तोंड उघडं का मन्हा पोटमा गोळा येये! म्हनीसन खावाडी ऱ्हायंतू!"

आणि मग दोघे व्याही जे हसत सुटले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आतून जसोदाबाई पिठाच्या हातांनी दारात आली, दगूबाई भिंत धरत तिच्या मागे. दोघींनी आपापल्या नवऱ्यांकडे बघितलं.

"झायं का कीर्तन?" दगूबाई म्हणाली. "मंग उठा. पोळ्या थंड्या व्हई ऱ्हायन्यात."

जेवताना सगळं सरळ ठरलं. विसार चुनीलालच्या हातात द्यायचाच नाही. दोघांनी मिळून नंदुरबारला फायनान्सच्या ऑफिसात जायचं, राहिलेलं कर्ज विचारायचं, आणि आप्पांनी ते तिथेच भरायचं. कंपनीने दाखला दिला, आरटीओत नाव कमी झालं, की मग गाडी आप्पांच्या नावावर आणि उरलेले पैसे चुनीलालना. योगेंद्रने फोनवर हे ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "आप्पा, मी हेच सांगणार होतो."

"माले माहीत शे," आप्पा म्हणाले. "पन तुले चाल लावता येस नही."

दोघे नंदुरबारला त्याच गाडीने गेले. ऑफिसातल्या मुलीने विचारलं, "आपण दोघे कोण?" चुनीलाल म्हणाले, "हाऊ गाडीवाला, मी कर्जवाला." कर्ज भरलं. दाखल्याला वेळ लागणार होता, आणि पुढे आरटीओतलं काम होतं. आप्पांनी घाई केली नाही. ज्या गाडीचा कागद स्वच्छ नाही ती गाडी दारात आणायची नाही, यावर ते आता ठाम होते, आणि हे व्याह्याला तोंडावर सांगायला त्यांची जीभ अजिबात अडखळली नाही.

पण चैत्र आला. प्रकाशाला सप्ताह बसला. कागद अजून नंदुरबारलाच होते.

पहिल्याच दिवशी, उन्हं उतरताना, कळसाडीत आप्पांच्या दारात हॉर्न वाजला. पांढरी गाडी, स्टेअरिंगवर चुनीलाल, शेजारी जसोदाबाई.

"कागद येस नही तवलोंग गाडी मन्ही," चुनीलाल खिडकीतून ओरडले. "म्हनजे डायव्हरबी मीच. याहीनबाई, बसा!"

जसोदाबाईने खाली उतरून मागचं दार उघडलं. दगूबाई पायरीवर पाय ठेवून, सरळ, न कण्हता आत जाऊन बसली. मांडीवर टाळांची पिशवी. आप्पा दारातच उभे राहून बघत राहिले, तेव्हा ती म्हणाली, "आते मुहूर्त काढशात का?"

प्रकाशाला मंडप गच्च भरला होता. दगूबाईला बसायला कोणीतरी खुर्ची दिली, आणि ती नेमकी खांबाजवळ आली. आप्पांना टाळकऱ्यांनी हाक मारली, पण ते म्हणाले, आज नाही, आज पाहुणा सोबत आहे. ते चुनीलालशेजारी सतरंजीवर बसले. चुनीलालचा सगळा जन्म पत्रे आणि पाइप मोजण्यात गेला होता. कीर्तनात असे मांडी घालून ते पहिल्यांदाच बसले होते.

महाराजांनी गजर धरला. मृदंग चढला. सगळा मंडप टाळी वाजवू लागला. चुनीलालही वाजवू लागले, मोठ्या हौसेने आणि साफ चुकीची. लोकांची टाळी पडायची तेव्हा त्यांचे हात हवेत, आणि लोकांचे हात हवेत तेव्हा यांची फाडकन. पुढचे दोघे वळून बघू लागले.

आप्पांनी थोडा वेळ सोसलं. मग सरळ हात घातला आणि व्याह्याचं मनगट धरलं.

"याही, ठेका चुकी ऱ्हायना तुम्हना."

"चुकी ऱ्हायना?" चुनीलाल कानाशी ओरडले. "मंग इतला येळ काबर नही सांगं?"

मनगट धरून आप्पांनी एक टाळी सोडून दिली, दुसरीवर चुनीलालचा हात खाली आणला, पुढची पुन्हा, आणि मग हळूच सोडून दिला. या वेळी बरोबर पडली.

त्यांनी सवयीने मान वर करून खांबाकडे बघितलं. दगूबाई आणि जसोदाबाई दोघी त्यांच्याकडेच बघून हसत होत्या, आणि दगूबाईचे दोन्ही हात टाळीसाठी वर होते.